वाटेला खातेदार नसतो

जून महिन्यात एका सकाळी मेडशीकडून मालेगावकडे येणाऱ्या रस्त्यावर शेगावची पालखी दिसायच्या आधी ऐकू येते. आधी टाळ, मग मृदंग, मग वळणावर पताका. रस्त्याच्या कडेला माणसं हात जोडून उभी असतात. त्यांत किन्हीराजाचे एक निवृत्त भूकरमापक असतात. पालखी समोर आली की तेही वाकतात, पण त्याआधी बराच वेळ त्यांची नजर खाली असते, चालणाऱ्यांच्या पायांवर. पाऊल डांबरावर पडतं आहे की मुरमावर, कडेला उतरायला जागा आहे की लोखंडी कठडा, सावलीचा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, हे ते पाहत असतात. तीस-बत्तीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाची ही सवय आहे. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे ‘मोजणीवाले आबा’ म्हणतात.

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या जुन्या मार्गावरचं, काळ्या मातीचं, सोयाबीन-तुरीचं. आबा नोकरीला लागले तेव्हा वाशिम जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या काळात हातात साखळी असे, फलक यंत्र असे आणि बरोबर साखळी ओढणारे दोन मजूर. पुढे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं ईटीएस मशीन आलं, आता उपग्रहावरून मोजणारा रोव्हर आला. आबा सगळं शिकले, पण मनात ते अजूनही साखळीतच मोजतात. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर गुंठे वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं की आपण अजून त्या जुन्या साखळीतच बोलतो आहोत.

वाटही या साखळीतच लिहिलेली आहे. गाव नकाशावर एकेरी तुटक रेषा दिसली की ती पायवाट. तिची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे बरोबर चार आणे साखळी. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, तिची रुंदी साडेसोळा फुटांपासून पुढे. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीची जमीन मोजणी १८६० च्या दशकात सुरू झाली. त्या परंपरेतून आलेल्या नकाशांवर कुठल्या गावाहून कुठल्या गावाला माणसं पायी जात, ते तुटक रेघांनी उमटलेलं आहे. पायवाटेला चार आणेच का, असं एकदा कार्यालयातल्या नव्या पोराने विचारलं, तेव्हा आबांनी आपला अंदाज सांगितला होता : डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकमेकींना धक्का न लागता गेल्या पाहिजेत. अंदाज खरा असो वा नसो, त्यामागे वाटेकडे बघण्याची जी दृष्टी आहे, ती त्यांच्या कामात शेवटपर्यंत राहिली.

त्या कामातलाच एक दिवस त्यांना विसरता येत नाही.

वऱ्हाडातल्या एका रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झालं होतं आणि संयुक्त मोजणी चालू होती. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनाची रीत ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३-ए खाली अधिसूचना निघते, ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते, सुनावणी होते, मग जमीन शासनाकडे वर्ग होते. मोजणीच्या तक्त्यात गट क्रमांक, खातेदाराचं नाव, जाणारं क्षेत्र, आणि त्या क्षेत्रातली विहीर, घर, गोठा, पाइपलाइन, फळझाडं असं सगळं टिपायचं असतं. आबांनी ते चोख टिपलं. शेवटच्या टप्प्यात एक मोठा कडुलिंब आला. जुन्या रस्त्याच्या हद्दीतला, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या बुंध्याचा. त्याच्या खाली दगडी पार, बाजूला पाण्याचे रांजण. दरवर्षी पायी जाणाऱ्या दिंड्या तिथे टेकत. रांजण भरणारी म्हातारी मोजणी बघत उभी होती. तिने विचारलं, “सायेब, साऱ्या वावरवाल्याईले नोटीस आली म्हनता. या लिंबाची नोटीस कोनाले आली?”

आबांकडे उत्तर होतं, पण ते देताना त्यांची जीभ जड झाली. झाड सरकारी हद्दीतलं होतं. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याला नोटीस जात नाही. पाराला गट क्रमांक नव्हता. रांजणांना मोबदला नव्हता. शेकडो वर्षं चालत आलेल्या माणसांचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तक्त्यात त्या जागी झाडाची जात आणि बुंध्याचा घेर एवढंच लिहिलं गेलं. हरकतीचे २१ दिवस गेले, कोणाचीच हरकत आली नाही, आणि येणार तरी कोणाची? पुढच्या उन्हाळ्यात आबा त्या रस्त्याने गेले तेव्हा लिंबाच्या जागी खडीचा ढीग होता.

“वाटेला खातेदार नसतो,” असं ते त्या दिवसापासून म्हणतात. या विषयावर त्यांच्याइतकं नेमकं बोललेलं दुसरं कोणी माझ्या ऐकण्यात नाही.

शेगावच्या पालखीची वाट पाहिली की या वाक्याचा अर्थ आणखी कळतो. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली. त्यांची पालखी आषाढीसाठी शेगावहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. मुक्काम करून ती पुन्हा पायीच परत येते. जाऊन-येऊन बाराशे किलोमीटरांच्या वर चाल होते. मुक्कामांची यादी आबा जपासारखी म्हणतात : अकोला, वाडेगाव, पातूर, मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन, म्हसला पेन, रिसोड, सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, तुळजापूर, सोलापूर, माचनूर, मंगळवेढा. ही नावं नुसती म्हणून बघावीत. डव्ह्याला नाथनंगे महाराज. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. नर्सीला नामदेवांचं जन्मस्थान. गंगाखेड जनाबाईचं. औंढा आणि परळी ही ज्योतिर्लिंगं. अंबाजोगाईला मुकुंदराज आणि योगेश्वरी. तुळजापूरला भवानी. मंगळवेढ्याला दामाजीपंत आणि चोखोबा. सरळ अंतर काढायला बसलेला कुठलाही अभियंता हा रस्ता आखणार नाही. तो भेटी घेत जाणाऱ्या माणसांनी आखलेला आहे.

म्हणून यातलं एक गाव बायपासने वगळलं, तर वाट दोन किलोमीटरांनी वाचली असं नकाशा सांगेल. वारकऱ्याच्या हिशेबात एक भेट गेलेली असते, आणि त्या गावाच्या हिशेबात वर्षातला एक सण.

गेल्या काही वर्षांत अकोला, मेडशी, मालेगाव, वाशिम, हिंगोली असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला. रस्ता गुळगुळीत झाला, अकोल्याच्या दवाखान्यात रुग्ण लवकर पोचतो, शेतमाल लवकर जातो. आबा हे सगळं मान्य करतात. त्यांच्या स्वतःच्या घरातलं आजारपण याच रस्त्याने अकोल्याला गेलं आहे. त्यांची तक्रार सावलीची आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. आळंदी-देहूच्या पालख्या निघतात तेव्हा बहुधा पुण्याकडे पाऊस लागलेला असतो, ढग असतात. शेगावची पालखी अकोला, पातूर, मालेगाव हा टप्पा पार करते तेव्हा मृगाचा पाऊस आला तर आला, नाही तर वऱ्हाडातला उन्हाळा अजून पुरता उतरलेला नसतो. डांबर सकाळी दहालाच तापतं. इथे दर काही अंतरावर एक लिंब असणं ही शोभेची गोष्ट नाही, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. जुन्या दुपदरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर कमान धरत. चौपदरी रस्त्यावर दुभाजकात कण्हेर फुलते, दिसायला छान दिसते, पण कण्हेरीखाली दिंडी बसत नाही.

दुसरी गोष्ट कडेची. चालणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध जागा नको असते, बाजूला उतरायला हवी असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या दिंडीत दिवे घाटात जेसीबी घुसला आणि संत नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचा जीव गेला. त्या बातमीनंतर किन्हीराजाच्या पारावर बराच वेळ कोणी बोललं नाही, असं आबा सांगतात. त्या गावातूनही लोक पायी जातात, कोणी शेगावला, कोणी पंढरपूरला, आणि प्रत्येकाच्या घरात रस्त्याची काळजी असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सगळ्यात मोठं सरकारी उत्तर मिळालं ते पुणे-सोलापूरकडे. ८ नोव्हेंबर २०२१ ला संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या दिवे घाट ते मोहोळ या २२१ किलोमीटरांच्या आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या पाटस ते तोंडले-बोंडले या १३० किलोमीटरांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. पहिल्याचा खर्च ६,६९० कोटींच्या वर, दुसऱ्याचा सुमारे ४,४०० कोटी. या रस्त्यांच्या बाजूला पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आराखड्यातच धरली होती. आबांच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. देशाच्या महामार्गाच्या नकाशावर प्रथमच वारकऱ्याच्या पायांना मीटरमध्ये रुंदी मिळाली. ज्याला खातेदार नव्हता त्याला निदान रकाना मिळाला.

पण त्याच रुंदीकरणात वड, पिंपळ, लिंबांच्या जुन्या रांगा गेल्या. नवी रोपं लावली तरी त्यांची सावली धरायला एक पिढी जाते. शिवाय वारीचा रस्ता म्हणजे केवळ पदर आणि पट्टे नसतात. ज्ञानोबांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे होतं. ठिकाणाचं नावच झाडाचं आहे. पुढे बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होतं, तिथे नाव विहिरीचं आहे. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीला धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला आणि हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासून लिंब, विहिरी, ओढे आणि मोकळी रानं या सोहळ्याची वहीच होऊन बसली आहेत. कुठे थांबायचं, कुठे धावायचं, कुठे न्हायचं ते या जागा सांगतात. त्यांतली एक पुसली की वहीतलं एक पान जातं.

झाडासाठी रस्ता वळू शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे इथला सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-सोलापूर महामार्गात जाणार होता. लोक उभे राहिले, तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी बदलली गेली. आबांनी ती बातमी कापून ठेवली आहे. आखणी म्हणजे दगडावरची रेघ नसते, हे मोजणी करणाऱ्या माणसाला ठाऊक असतंच. पण ती बदलायची तर यंत्रं यायच्या आधी बदलते. एकदा भूसंपादनाची घोषणा झाली की रेघ खरोखरच दगडाची होते.

आणखी एक गोष्ट त्यांना सलते. शेगाव-पंढरपूर या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८-सी लोणार, मंठा, परतूर, माजलगाव, केज, कळंब, बार्शी असा जातो. पालखी पंढरीला जाताना मात्र अकोला, मालेगाव, रिसोड, औंढा, परभणी, परळी अशी जाते. महामार्गाला पालखीचं नाव मिळालं याचा आनंद आहे. पण नाव एका रस्त्याला मिळालं म्हणून पावलांच्या दुसऱ्या रस्त्याची काळजी संपत नाही. शिरपूर, म्हसला पेन, सेनगाव या भागातल्या साध्या रस्त्यांवर वारकरी आजही चालतात आणि तिथे रुंदीकरण येईल तेव्हा पालखीसाठी वेगळा पट्टा आपोआप आराखड्यात येणार नाही. तो कोणाला तरी मागावा लागेल.

निवृत्तीनंतर आबांनी मागण्याचं काम हाती घेतलं, पण मोर्चाने नाही. त्यांना जे येतं त्याने, म्हणजे नकाशाने. गावातली चार-दोन पोरं आणि भजनी मंडळातली दोन वडीलधारी माणसं बरोबर घेऊन ते रविवारी निघत. हातात गाव नकाशाच्या नकला, खिशात पेन्सिल. शिवारातून शेगावच्या दिशेने माणसं पूर्वी कशी जात, ती तुटक रेघ जमिनीवर शोधायची. कुठे ती सापडे, बाभळीच्या झुडपांत गुरफटलेली. कुठे बांधकऱ्याने नांगरून घेतलेली. कुठे ती नव्या भरावाला जाऊन थडके आणि पलीकडे जायला बोगदा शोधावा लागे. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जातो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे, त्यावर पायी माणसाला जायला मनाई आहे, आणि १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर ती असायलाच हवी. म्हणूनच त्याच्याखालून कुठे जाता येतं हे ज्याला चालायचं आहे त्याला माहीत हवं. आबांनी नकाशाच्या नकलेवर ते बोगदे निळ्या पेन्सिलीने दाखवले. विहिरी हिरव्याने. मोठी झाडं तांबड्याने.

एका ठिकाणी पायवाट एका शेतकऱ्याने दोन वर्षांपूर्वी बंद केली होती. अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, पण त्याखाली अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. ती मुदत केव्हाच गेली होती. आबांनी त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून नकाशा उलगडला आणि रेघेवर बोट ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आबा, माह्या आजीनं याच वाटेनं शेगाव केलं होतं. मले कागदावर हाय हे मालूमच नव्हतं.” पुढच्या पेरणीला त्याने दोन तास सोडून दिले. सव्वाआठ फूट काही भरले नाहीत, पण एकामागे एक चालता येईल एवढी जागा झाली. आबांनी त्याच्यावर समाधान मानलं. माझ्या मते ते बरोबर केलं. शिवारात कायद्याने उघडलेली वाट टिकायची तर शेजार टिकावा लागतो.

कागद मात्र त्यांनी सोडला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये विदर्भासाठी एक वेगळं प्रकरण आहे. त्यात सरकारी पडीक जमिनीच्या वापराचं निस्तारपत्रक आहे आणि कलम १६५ खाली ‘वाजिब-उल-अर्ज’ आहे. सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून गावाचे पाण्याचे, वहिवाटीचे, मासेमारीचे जे रिवाज चालत आले असतील, ते या दप्तरात लिहिले जातात. म्हणजे ज्याला खातेदार नाही अशा वाटेसाठी विदर्भाच्या माणसाकडे कायद्यातच एक वही आहे, आणि ती फार थोडे लोक उघडतात. शिवाय २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय केला. तो निर्णय ट्रॅक्टर जावा म्हणून झाला. पण नोंदलेल्या रस्त्याने दिंडीही जाते.

जगात इतरत्र हे काम पुढे गेलं आहे. स्पेनमधली सांतियागोची यात्रावाट १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, तेव्हा दोन्ही बाजूंचा ३० मीटरांचा पट्टाही वाटेबरोबर धरला गेला. जपानच्या किई पर्वतांतल्या यात्रावाटा २००४ मध्ये त्या यादीत आल्या. तिथे देवळाबरोबर वाटही वारसा मानली गेली. आपल्याकडे देवळं आणि किल्ले संरक्षित स्मारक म्हणून नोंदले जातात, पण ज्या वाटेने लाखो माणसं दरवर्षी चालतात ती वाट कोणत्याही यादीत नसते. आबांची मागणी स्पेनइतकी मोठी नाही. पालखी ज्या गावांतून जाते त्या प्रत्येक ग्रामसभेने विसाव्याची जागा, पार, विहीर आणि झाडं यांची गट क्रमांकासह यादी करून ठराव करावा, आणि रस्त्याचं काम निघण्याआधी तो ठराव प्रांत कार्यालयात पोचलेला असावा, एवढंच ते म्हणतात. मग मोजणीला येणाऱ्या पोराच्या तक्त्यात त्या लिंबासमोर जातीबरोबर आणि घेराबरोबर ‘दिंडीचा विसावा’ हे दोन शब्द येतील. सुनावणीत ते वाचले जातील.

यंदाही पालखी मालेगावकडे येताना आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. पालखी पुढे गेल्यावर ते थोडा वेळ मागोमाग चालले आणि जिथे सावली संपली तिथे थांबले. खिशातून नकला काढून त्या जागेवर खूण केली. गाव नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज आणि ठरलेली फी भरली की कोणालाही मिळते. तुमच्या गावावरून दिंडी जात असेल, तर पुढच्या ज्येष्ठाच्या आत ती आणा आणि त्या एकेरी तुटक रेघेवरून एकदा चालून या.